वाटणीचे नाटक

मराठी रंगभूमीवरचे वाटणीचे नाटक बहुधा एका मरणाने सुरू होते, आणि ते मरण प्रेक्षकांना दाखवले जात नाही. पडदा उघडतो तेव्हा म्हातारा एक तर गेलेला असतो आणि भिंतीवरच्या तसबिरीला ताजा हार असतो. नाही तर तो आतल्या खोलीत खोकत असतो आणि बाहेर त्याची मुले त्या खोकल्याकडे कान लावून बसलेली असतात. थोरला घरी राहून शेती सांभाळलेला. मधला शहरात नोकरीला, चार दिवसांची रजा टाकून आलेला. धाकटा फारसा न शिकलेला, न कमावणारा, म्हणून सगळ्यांचा हरकाम्या. बहीण सासरहून आलेली, डोळ्याला पदर आणि पदराआडून नजर कपाटाकडे. वहिन्या दोन, एक बोलणारी आणि एक न बोलणारी. यात एक वकील, एक जुना गडी आणि एक कुलूपबंद पेटी घातली की संच पूर्ण होतो.

हा प्रकार धड शोकांतिका नाही आणि धड फार्सही नाही. त्यात धाय मोकलून रडणे असते, पायावर लोळण घेणे असते, पार्श्वसंगीताचा दणका असतो. पण प्रेक्षक हसत असतात. हसू येते ते माणसे एकाच दमात दोन भाषा बोलतात म्हणून. एक भाषा सुतकाची: ‘आबा गेले, आता आमच्या डोक्यावर कोण?’ दुसरी मोजणीची: ‘विहिरीचा तुकडा कोणाच्या नावावर आहे हो?’ चांगला नट या दोन वाक्यांमध्ये श्वासही घेत नाही, आणि टाळी त्या न घेतलेल्या श्वासाला पडते.

या भांडणात पैसा दिसतो, पण नुसत्या पैशासाठी ते तीन अंक चालत नाही. प्रत्येक भावंड आपापले खाते उघडून बसलेले असते. दवाखान्याचे बिल कोणी भरले, रात्री उठून पाणी कोणी पाजले, कोणाच्या शिक्षणापायी बैलजोडी विकली, कोणाच्या लग्नात आईच्या पाटल्या मोडल्या. कायदा वारस ठरवतो तो रक्ताच्या नात्याने. एक मुलगा म्हणजे एक हिस्सा, मग त्याने बापाचे तोंड दहा वर्षे पाहिलेले नसले तरी. रंगमंच वारस ठरवतो सेवेने. या दोन हिशेबांचा मेळ बसत नाही, आणि न बसणाऱ्या त्या मेळातूनच विनोदही निघतो आणि रडणेही.

वाटणीत आलेला मुलूख

छत्तीसगडात, विशेषतः दुर्ग-भिलाई या जोडशहरात मोहन नगरसारख्या वस्त्यांमधून राहणाऱ्या मराठी माणसाला या विषयाचे एक जवळचे ऐतिहासिक टोक आहे. छत्तीसगड मराठ्यांच्या प्रत्यक्ष कारभाराखाली आले तेच मुळी एका भावाचा हिस्सा म्हणून. नागपूरकर पहिले रघूजी भोसले १७५५ मध्ये वारले. मागे चार मुलगे: जानोजी, साबाजी, मुधोजी आणि बिंबाजी. गादीवर हक्क जानोजीचा की मुधोजीचा, यावर तंटा लागला आणि तो पेशव्यांपर्यंत गेला. शेवटी जानोजीला सेनासाहेबसुभा हे पद आणि नागपूर मिळाले, मुधोजीला चांदा, साबाजीला दारव्हा, आणि धाकट्या बिंबाजीच्या वाट्याला छत्तीसगड आले. त्याने रतनपूरला बसून १७८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत कारभार केला.

थोरल्या भावांचे नाटकातल्यासारखेच आपापल्या वाट्यावर समाधान नव्हते. जानोजी १७७२ मध्ये निपुत्रिक गेला. त्याने मुधोजीच्या मुलाला दत्तक घ्यायचे ठरवले होते, तरी साबाजी आणि मुधोजी एकमेकांसमोर उभे ठाकले. १७७५ मध्ये नागपूरजवळ पाचगावच्या लढाईत मुधोजीच्या गोळीने साबाजी पडला. या कथेचा फार्स होऊ शकत नाही हे उघड आहे. मात्र रतनपूरला दूर बसलेला धाकटा भाऊ या सगळ्यांत शहाणा ठरला, हे रंगभूमीवरच्या धाकट्याला साजेसेच आहे.

मराठी नाटकाने भावाभावांच्या राजकीय वैराला गंभीर रूप दिले ते कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’त. १९०९ साली आलेल्या या नाटकाचा विषय पेशव्यांच्या घरातला: नारायणरावाचा खून, राघोबाची गादीची हाव, आनंदीबाईचे कारस्थान आणि रामशास्त्र्यांचा न्याय. त्यातली आनंदीबाई पुढच्या कौटुंबिक नाटकांना एक सोयीस्कर सवय लावून गेली. भावाचा लोभ भावाच्या तोंडी न घालता त्याच्या बायकोच्या तोंडी घालायचा. सासऱ्याच्या मिळकतीत सुनेला नवऱ्यामार्फतच काय ते मिळणार. तरी रंगमंचावर पहिली मागणी तीच करते आणि नवरा मान खाली घालून ‘घरचे म्हणणे असे आहे’ म्हणतो. कित्येक चांगल्या संहिता या लबाडीने दुबळ्या झाल्या आहेत. लोभ पुरता भावाचाच ठेवणारा नाटककार विरळा.

मेलेल्याची वाट पाहणारी माणसे

वारशाची वाट पाहणारे नातेवाईक हा विनोदाचा विषय जगभर फार जुना आहे. इंग्लंडात बेन जॉन्सनने ‘व्होल्पोने’त सतराव्या शतकाच्या आरंभीच मरणाचे सोंग घेऊन पडलेला श्रीमंत आणि त्याच्याभोवती नजराणे घेऊन घिरट्या घालणारे आशाळभूत रंगवले. मोलिएरच्या ‘काल्पनिक रोगी’ या १६७३ च्या नाटकात नवरा मेल्याचे सोंग करतो आणि बायकोचे खरे मन कळते. पुच्चिनीच्या ‘ज्यान्नी स्किक्की’ या १९१८ च्या छोट्या संगीतिकेत म्हातारा आधीच मेलेला असतो आणि त्याने सगळे मठाला दिलेले असते. मग नातेवाईक एका तोतयाला त्याच्या अंथरुणात झोपवून नवे मृत्युपत्र लिहवून घेतात, आणि तो तोतया उत्तम मालमत्ता स्वतःच्याच नावावर करून मोकळा होतो. नातेवाइकांना ओरडता येत नाही, कारण ओरडले तर सगळ्यांनाच हात तोडून हद्दपारीची शिक्षा होईल. वारशाच्या विनोदाला याहून चोख कळ सापडलेली नाही.

मराठीत ही परंपरा मोलिएरच्या वाटेने आली. देवलांचे ‘संशयकल्लोळ’ मोलिएरवरून आले, हरिभाऊ आपट्यांनी ‘मारून मुटकून वैद्यबोवा’ केले, आणि आचार्य अत्र्यांनी मोलिएरच्या कंजूष म्हाताऱ्याला ‘कवडीचुंबक’ बनवून मराठी घरात आणून बसवले. कंजूष बाप आणि त्याच्या पैशावर डोळा ठेवून असलेली तरुण मुले ही जोडी तिथून पक्की झाली. मात्र युरोपातल्या नाटकात वाट पाहणारे बहुतेक दूरचे नातलग, पुतणे, तरुण बायका असतात. मराठी नाटकात ते सख्खे भाऊ-बहीण असतात. एकत्र कुटुंबाच्या देशात दूरच्या नातलगाला मिळण्यासारखे फारसे उरत नाही, हे त्याचे साधे कारण.

याच वाटेवर पुढे दोन मोठी नाटके उभी आहेत. ती विनोदी नाहीत, पण त्यांच्याशिवाय विनोदी नाटकांचे व्याकरण समजत नाही. वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग २३ डिसेंबर १९७० रोजी झाला. निर्मिती गोवा हिंदू असोसिएशनची, दिग्दर्शन नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचे, आणि गणपतराव बेलवलकरांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू. निवृत्त झालेला नट जिवंतपणीच सगळे मुलगा आणि मुलगी यांत वाटून टाकतो, आणि मग आधी मुलाच्या घरी जागा कमी पडते, पुढे मुलीच्या घरी चोरीचा आळ येतो. शेक्सपिअरच्या लिअरचा हा मराठी संसार. वाटणीच्या नाटकातला नेहमीचा क्रम इथे उलटा आहे: सगळे आधी देऊन झाल्यामुळे मुलांना वाट पाहायचे काही उरलेले नाही, म्हणून गोड बोलायचेही कारण उरलेले नाही. विनोदी नाटकातला म्हातारा पेटीची किल्ली शेवटपर्यंत कमरेला का ठेवतो, त्याचे उत्तर बेलवलकरांच्या हालात आहे.

दुसरे महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’. ते १९८५ मध्ये विजया मेहतांनी बसवले. विदर्भातल्या धरणगावचे देशपांडे घराणे, तात्याजी नुकतेच गेलेले. थोरला भास्कर कर्ता, सुधीर मुंबईहून बायकोला घेऊन आलेला, चंदू घरातली सगळी कामे उपसणारा, प्रभा शिकायची राहून गेलेली आणि लग्नाचीही राहिलेली. आत आंधळी दादी. अंगणात एक ट्रॅक्टर गंजत पडलेला, कोणी चालवत नाही आणि कोणी हलवतही नाही. तेराव्याचा खर्च कोणी करायचा यावर भाऊ बोलतात तेव्हा प्रेक्षागृहात हसू येते, आणि ते लगेच जिरते, कारण बहुतेकांच्या घरी तो संवाद झालेला असतो. याच नाटकात एका रात्री भास्करची बायको घराण्याचे सगळे दागिने अंगावर चढवून उभी राहते. वाटणीच्या आधी एकदा तरी सगळे एका अंगावर पाहून घ्यावे अशी ती वेळ आहे. पुढे भास्करची मुलगी रंजू ते दागिने घेऊन मास्तराबरोबर पळून जाते. मुलगी परत आणली जाते, दागिने जातात. इतके दिवस ज्यावरून मनात मोजणी चालली होती तेच नाहीसे होते. या नाटकाचा हिंदी अवतार ‘विरासत’ या नावाने गाजला. एलकुंचवारांनी पुढे ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ लिहून ही त्रिधारा पूर्ण केली, आणि चंद्रकांत कुलकर्णींनी १९९४ मध्ये ती सलग सादर केली.

वारसा म्हणजे जमीन-दागिनेच असे नाही. वसंत कानेटकरांच्या ‘सूर्याची पिल्ले’ या १९७८ च्या विनोदी नाटकात थोर बापाच्या नावावर जगणारे चार भाऊ आहेत. त्यांच्या वाट्याला आली आहे ती पुण्याई, आणि तीही ते नासवतात. सुनील बर्वे यांनी २०१० मध्ये ‘हर्बेरियम’ उपक्रमात हे नाटक पुन्हा रंगमंचावर आणले.

झाडीपट्टीतली रात्र

मुंबई-पुण्याच्या नाटकांपेक्षा भिलाईला भूगोलाने आणि स्वभावानेही जवळची आहे ती झाडीपट्टी रंगभूमी. दुर्गहून राजनांदगाव, डोंगरगड असे करत गाडी दोन-अडीच तासांत गोंदियाला पोचते, आणि तिथून झाडीपट्टी सुरू होते: गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली हे पूर्व विदर्भाचे धानाचे आणि जंगलाचे जिल्हे. राज्याची सीमा इथे नवी आहे. १९५६ पर्यंत दुर्ग, भंडारा आणि चांदा एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूर होती. मालगुजारी संपवणारा कायदाही या सगळ्या भागाला एकदमच लागू झाला. मालगुजारांची गावे गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि उरलेल्या जमिनींवर भावाभावांच्या नजरा अधिक बारीक झाल्या.

झाडीपट्टीत नाटकाचा हंगाम दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावजत्रा, भरू लागल्या की सुरू होतो आणि होळीच्या आसपास संपतो. धान कापून झालेले, हातात थोडा पैसा आलेला. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या व्यवसायाचे केंद्र. हंगामात तिथे नाटक कंपन्यांची कार्यालये ओळीने थाटलेली असतात. गावोगावची मंडळे येऊन तारीख ठरवतात, नाटक ठरवतात, कोणती नटी पाहिजे तेही ठरवतात. प्रयोग रात्री दहा-अकराच्या सुमारास सुरू होऊन उजाडेपर्यंत चालतो. नागपूर-मुंबईकडचे कलाकार हंगामापुरते इथे येऊन राहतात. ज्या गावात नाटक, त्या गावात घरोघरी पाहुणे. लेकी माहेरी येतात, जावयांना आमंत्रणे जातात, आणि बऱ्याच सोयरिकी याच गर्दीत जुळतात. शंकरपट असला की दिवसा बैल आणि रात्री नाटक असा बेत. बैलांच्या शर्यतींवर २०१४ ते २०२१ या काळात बंदी होती, तेव्हाही रात्रीची नाटके होतच होती.

वाटणीचे नाटक अशा रात्री समोर बसलेल्या माणसांवरच चालते. प्रेक्षकांत तेच भाऊ बसलेले असतात ज्यांचा धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, तंटा चालू आहे, आणि तीच बहीण माहेरी आलेली असते जिच्या सहीचा कागद तलाठ्याकडे पडून आहे. म्हणून झाडीपट्टीत हा विषय पुन्हा पुन्हा लिहिला जातो. रचना ठरलेली असते. गंभीर पात्रे पुस्तकी मराठीत बोलतात, लांब वाक्ये, भारदस्त शब्द. विनोदी पात्र, म्हणजे गडी, मामा किंवा गावातला उपटसुंभ मध्यस्थ, बहुधा झाडीबोलीत बोलते. थोरला ‘वडिलांची पवित्र स्मृती’ वगैरे म्हणत असताना कोपऱ्यातून गडी विचारतो, ‘बापाले रातभर पानी कोन पाजत होता, ते सांगा ना दादा, मंग धुऱ्याचं बोलू.’ पोकळ भाषा आणि खरी भाषा यांची ही टक्कर कोणत्याही स्पष्टीकरणाशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचते. सेवेचा हिशेब मांडण्याचे काम या रंगभूमीने विनोदी पात्राकडे दिले आहे, आणि हा तिचा मोठाच शहाणपणा आहे. शहरी नाटकात तेच काम एखादा भाऊ लांब भाषण करून उरकतो आणि नाटक जड होते.

मध्येच गाणी येतात, नाच येतो. एका बाजूला बसलेले वादक प्रसंगाला धार देतात: पेटी उघडण्याआधी तबला थांबतो, ऑर्गनवर एकच सूर धरून ठेवला जातो, आणि झाकण वर गेले की ऑक्टोपॅडचा दणका. आत काय निघते ते ठरावीक दोन-तीनच. एक तर दगड. मुलांनी सेवा करावी म्हणून म्हाताऱ्याने जड पेटी दाखवत आयुष्य काढले, ही कथा लोककथांतून रंगमंचावर आली आहे. किंवा जुने कागद: सावकाराचे, म्हणजे वारसा उलट कर्जाचा. किंवा धाकट्याच्या नावाने लिहिलेली चिठ्ठी. शहरी समीक्षकाला यात भडकपणा दिसतो आणि तो आहेही. पण पहाटे चार वाजता, थंडीत, शाल-घोंगडी पांघरून बसलेल्या हजारो माणसांना जागे ठेवायचे तर हलक्या हाताने चालत नाही.

या रंगभूमीच्या विनोदाला देशपातळीवर मान मिळाला तो परशुराम खुणे यांच्या रूपाने. गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे हे शेतकरी नट ‘झाडीपट्टीचे दादा कोंडके’ म्हणून ओळखले जातात. सुमारे ८०० नाटकांचे ५,००० हून अधिक प्रयोग त्यांच्या नावावर सांगितले जातात, आणि २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ज्या विनोदी पात्राला शहरी रंगभूमी दुय्यम समजते, त्याच्याच जोरावर हा माणूस अर्धशतकभर उभा राहिला.

शेवट मात्र जवळजवळ नेहमी समेटाचा. भाऊ गळ्यात पडतात, वहिनी पाया पडते, बहीण ओवाळते. उजाडत असते आणि लोकांना घरी जाऊन गुरे सोडायची असतात. प्रत्यक्षातला तंटा मिटतो असे नाही. धुरा तिथेच असतो.

वकिलाचा प्रवेश

तिसऱ्या अंकात काळा कोट घातलेला वकील येतो, सगळ्यांना बसवतो, लखोटा फोडतो आणि मृत्युपत्र वाचतो. हा प्रवेश नाटक-सिनेमांनी इतका रुळवला आहे की तो कायद्यातच असावा असे लोकांना वाटते. भारतीय कायद्यात मृत्युपत्राचे असे जाहीर वाचन करावे लागत नाही. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मृत्युपत्रावर करणाऱ्याची सही किंवा अंगठा लागतो आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. मुद्रांक लागत नाही, कोऱ्या कागदावरही ते चालते, नोंदणीही सक्तीची नाही. शिवाय शेवटचे मृत्युपत्र खरे धरले जाते. आधीचे नोंदलेले आणि नंतरचे साधे असले तरी नंतरचे रीतसर असेल तर तेच चालते. तिसऱ्या अंकाच्या शेवटी जुन्या गड्याच्या बंडीच्या खिशातून निघणारा चुरगळलेला कागद म्हणूनच कायद्याने अशक्य नाही. नाटककार इथे जितका बेछूट वाटतो तितका तो नसतो.

बाप सगळेच्या सगळे एकाला लिहून देऊ शकतो का, हा नाटकातला दुसरा खटका. स्वकष्टाची मिळकत असेल तर देऊ शकतो. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत तो आपल्यापुरत्या हिश्श्याचेच मृत्युपत्र करू शकतो. मृत्युपत्रच नसेल तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मुलगे, मुली, विधवा पत्नी आणि मृताची आई यांना स्वतंत्र मिळकतीत सारखे हिस्से मिळतात. गोव्यात हे कथानक असे चालणारच नाही, कारण पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या तिथल्या दिवाणी कायद्यात मुलांसाठी मालमत्तेचा निम्मा भाग राखीव असतो. बापाला रागाच्या भरात मुलाला पुरते बेदखल करता येत नाही. तिथल्या तियात्रात, म्हणजे कोकणी नाटकात, भावंडे भांडतात ती बापाच्या मर्जीपेक्षा घराच्या खोल्यांवरून.

बहिणीच्या पात्रात कायद्याने सर्वांत मोठा फरक पाडला. जुन्या नाटकात बहीण येत असे ती रडायला आणि भावांत समेट घडवायला. तिचे मागणे फार तर आईची एखादी पाटली. महाराष्ट्राने १९९४ मध्ये अविवाहित मुलींना एकत्र मिळकतीत जन्मतः हक्क दिला, २००५ मध्ये तो सर्व देशात सर्व मुलींना मिळाला, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले की त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असायची गरज नाही. तेव्हापासून रंगमंचावर हक्कसोडपत्राचा प्रवेश आला. भाऊ ताट वाढून, साडी ठेवून, ‘फक्त एक सही’ म्हणून कागद पुढे करतो. पेन हातात घेऊन ती थांबते. दोन्ही भाऊ तिच्या बोटांकडे पाहतात, बोलणारी वहिनी पहिल्यांदाच गप्प होते. वाटणीच्या नाटकात आज सर्वांत जिवंत जागा हीच आहे, आणि जिथे ती सही न करता पेन परत ठेवते तिथे बायकांच्या बाजूने शिट्ट्याही ऐकू येतात.

सेवेचा हिशेब कायद्याने अगदीच सोडून दिलेला नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ मध्ये झालेल्या कायद्यानुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर मुलाला दिलेली मालमत्ता, त्याने सांभाळ केला नाही तर न्यायाधिकरण रद्द ठरवू शकते. बेलवलकरांना १९७० मध्ये अशी कुठलीच दाद मागता येत नव्हती. आज ते नाटक नव्याने लिहिणाऱ्याला प्रांताधिकाऱ्यांच्या कचेरीतला एक प्रवेश घालावा लागेल.

कारखान्याच्या गावी

भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत संघाशी १९५५ मध्ये झालेल्या करारातून उभा राहिला आणि पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. देशभरातून माणसे आली, त्यात विदर्भातली मराठी कुटुंबेही होती. अशा गावात वाटणीच्या नाटकाचे सामान बदलते. पेटीच्या जागी फाइल येते: भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, विम्याची पॉलिसी, आणि नोकरीत असताना बाप गेला तर अनुकंपा नियुक्ती कोणाला, हा प्रश्न. जमिनीचे वाटे करता येतात. नोकरीचे येत नाहीत. एकालाच ती मिळते आणि बाकीच्यांनी ना हरकत लिहून द्यायची असते. शोकाच्या घरात ‘ना हरकत’ मागण्याचा प्रसंग म्हणजे विनोदी नाटककाराला आयती संधी. क्वार्टर कंपनीचे, बापाने चाळीस वर्षे ज्या आंब्याला पाणी घातले तो आंबाही कंपनीचा.

नामनिर्देशनाचा घोळ तर अजून मराठी रंगभूमीने पुरता वापरलेलाच नाही. फॉर्मवर ज्याचे नाव तो मालक, अशी घरोघरी समजूत असते. सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या बाबतीत १९८४ मध्येच सांगितले होते की नामनिर्देशित व्यक्ती पैसे स्वीकारणारी असते, वारस ते वारसच राहतात. त्यानंतर विम्याच्या कायद्यात बदल झाले आणि जवळच्या नातेवाइकांच्या बाबतीत नियम निराळा झाला; म्हणजे एकाच बापाच्या बँकेतल्या ठेवीला एक न्याय आणि विम्याच्या पॉलिसीला दुसरा. मधला भाऊ ‘माझे नाव आहे’ म्हणून पहिल्या अंकात पेढे वाटतो आणि दुसऱ्या अंकात बँकेतून आणलेले पैसे भावंडांत वाटायला बसतो, एवढ्यावरही तासभर खेळ रंगू शकतो. गावाकडच्या जमिनीचा कागदही सीमेवर नाव बदलतो. गोंदियात सातबारा आणि फेरफार, दुर्गात बी-वन, खसरा आणि फौती. दोन्हीकडे थोडी थोडी जमीन असलेल्या घरात दोन तलाठ्यांची, म्हणजे इकडच्या भाषेत एका पटवाऱ्याची आणि एका तलाठ्याची, अशी दोन विनोदी पात्रे सहज निघतात.

या भागातल्या प्रेक्षकाला विषय समजावून सांगावा लागत नाही. ‘नाचा’ या छत्तीसगडी लोकनाट्यात जोक्कड (विदूषक) आणि परी (स्त्रीवेषातला नट) यांच्या गमतीत सासू-सून, भाऊ-भाऊ, सावकार-कूळ हे सगळे येतात, आणि झाडीपट्टीच्या खडीगंमत या लोकनाट्याशी त्याचे नाते सहज ओळखू येते. दुर्गजवळच्या बघेरा गावचे दाऊ रामचंद्र देशमुख यांनी १९७१ मध्ये ‘चंदैनी गोंदा’ उभे केले तेव्हा नाचाची ही सामग्री मोठ्या मंचावर आली. भिलाईजवळच्या गनियारीच्या तीजनबाईंनी तर पंडवानीतून, म्हणजे महाभारताच्या लोकगायनातून, भावकीच्या सर्वांत मोठ्या तंट्याला तंबुऱ्याच्या साथीने जगभर नेले. त्यांना २०१९ मध्ये पद्मविभूषण मिळाले, आणि त्या भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरीला होत्या. त्यांच्या सादरीकरणात तंबुरा क्षणात गदा होतो आणि क्षणात धनुष्य. दरबारातल्या थोर माणसांची नक्कल आली की लोक हसतात, आणि पुढच्याच ओळीत द्रौपदीच्या प्रसंगाला डोळे पुसतात. हसू आणि रडू यांत अंतर न ठेवण्याची ही रीत झाडीपट्टीच्या वाटणीच्या नाटकाचीही आहे.

हौशी मंडळांना हा प्रकार आवडतो त्याला व्यवहारातली कारणेही आहेत. एकच नेपथ्य पुरते: घराची ओसरी, एक दार आत, एक दार बाहेर. पात्रे सात-आठ, आणि त्यातली बहुतेक चाळिशीच्या पुढची, म्हणजे मंडळात जी माणसे खरोखर असतात तीच. पोशाख घरचेच. पेटी मात्र खरी लोखंडी आणि जड लागते. पुठ्ठ्याची वापरली आणि धाकट्याने ती एका हाताने सहज उचलली, की पहिल्या अंकातच प्रेक्षकांना आत काय आहे ते कळते.